मोरीला दिलेला हिरडा

देवाची आठवण माणसाला संकटात होते. माझी आठवण मोरी तुंबल्यावर होते. गेली कित्येक वर्षे हे असेच चालले आहे. लग्नाच्या मांडवात, कीर्तन संपून लोक उठत असताना, एकदा तर स्मशानातून परतताना, कोणीतरी हळूच जवळ येते आणि कानाशी लागते, "शास्त्रीबुवा, पाणी जात नाही हो. काही घरगुती उपाय?" मी विचारतो, "मोरीत काय टाकता?" उत्तर ठरलेले असते, "काही नाही हो, नुसतं पाणी." नुसत्या पाण्याने तुंबलेली मोरी पाहण्याचा योग या जन्मी तरी मला आलेला नाही. भाताची शिते, केसांची गुंतवळ, लोण्याची बेरी, निर्माल्यातली फुले, एकदा तर अखंड सुपारी आणि तिच्यामागून गणपतीची चांदीची दूर्वा, असे सारे या हातांनी बाहेर काढले आहे; आणि ते ओट्यावर मांडून ठेवल्यावरही घरातली माणसे एकमेकांकडे पाहत म्हणाली आहेत, "हे आत गेलंच कसं?"

मी संस्कृत पाठशाळेत वाढलो. व्याकरण झाले, थोडा वेदान्त झाला, आणि गुरुजींच्या आग्रहावरून आयुर्वेदाचे ग्रंथही वाचून झाले. पुढे लढाईचे दिवस आले. धान्य रेशनवर गेले, फिनेल दिसेनासे झाले, साबणाची वडी मिळाली तर लोक ती कपाटात ठेवू लागले, आणि शास्त्र्याची गरज तर कोणालाच उरली नाही. अशा वेळी साताऱ्यात आरोग्य खात्याकडे एक जागा निघाली. घरोघर जाऊन मोऱ्या पाहायच्या, तुंबलेल्या मोकळ्या करवायच्या, आणि विकतची औषधे मिळत नसल्यामुळे घरातल्याच जिनसांनी त्या कशा स्वच्छ ठेवाव्यात हे बायकांना समजावून सांगायचे, असे ते काम होते. ही जागा मला विद्वत्तेमुळे मिळाली असा माझा समज नाही. स्वयंपाकघरालगतच्या मोरीपर्यंत सोवळ्यातल्या बायका परक्याला येऊ देत नसत. मला येऊ देत. माझी पात्रता एवढीच. वडिलांनी आठ दिवस माझ्याशी बोलणे टाकले. मी दिवसातून तीनदा स्नान करू लागलो आणि मनाची समजूत घातली की शौच हेही धर्माचेच अंग आहे. घरात येणाऱ्या पाण्याची आपण कलशात घालून पूजा करतो. तेच पाणी बाहेर जाताना त्याला वाट आहे की नाही हे पाहणारा कोणीतरी हवाच.

नव्या पिढीने ती मोरी डोळ्यांपुढे आणावी म्हणून सांगतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दीड-दोन हात चौकोनी फरसबंद जागा, तिला वीतभर उंच कठडा. भांडी तिथे, हातपाय तिथे, लहान मुलांची अंघोळही तिथेच. कोपऱ्यात एक भोक. त्या भोकापासून भिंतीच्या पोटातून जाणारी दगडी किंवा खापरी नळी. आणि ती बाहेर बोळातल्या गटारात उघडणार. या बाहेरच्या टोकाला आम्ही 'तोंड' म्हणत असू. मोरी मोकळी करायला माणसे दोन लागतात. एक आत, भोकाशी. दुसरा बाहेर, तोंडाशी. आतला पाणी ओततो आणि विचारतो, "आलं का?" बाहेरचा सांगतो, "आलं" किंवा "न्हाई". आत मी असे. बाहेर भिकू असे.

भिकू गटारे काढणाऱ्यांपैकी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, सडपातळ, आणि बोलण्यात काटकसरी. कोणत्या बोळात कोणत्या घराचे पाणी कसे येते हे त्याला तोंडपाठ होते. वास घेऊन तो सांगे की आज अमक्यांकडे अळूचे फदफदे होते. त्याला कोणी घरात घेत नसे, आणि मीही कोणाला तसे कधी सुचवले नाही. हे वाक्य लिहिताना लेखणी थोडी अडखळली, तरी ते लिहायला हवेच.

उपाय म्हणाल तर त्यांत काही गूढ नाही. आधी बांबूची लांब कामटी घ्यावी, टोकाला काथ्या बांधावा आणि आत काय आहे ते चाचपावे. तूप-तेल थिजून बसले असेल तर चुलीतली राख कढत पाण्यात ढवळून, निवळ तेवढे वरून ओतावे. ते तेलकटपणा कापते. पिठाचा, पेजेचा थर असेल तर मूठभर पापडखार टाकून त्यावर आंबट ताक ओतावे, फसफसू द्यावे आणि मग आधणाचे पाणी सोडावे. दुर्गंधीला कडुलिंबाचा काढा. आणि केस असतील तर जगातले कोणतेही औषध उपयोगी पडत नाही. ते आकड्याने ओढूनच काढावे लागतात. हे मी हजारदा सांगितले असेल. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक ताक पिऊन टाकत आणि नुसता पापडखार घालत. उरलेले सगळे एकदम घालत आणि अर्ध्या घटकेत मला बोलावणे पाठवत.

पुढे याच कामावर मी सांगलीस गेलो. साताऱ्याला निदान उतार आहे. सांगलीस जमीन सपाट, माती काळी, पाणी जावे तर कुठे, अशी स्थिती. तिथे एका पैलवानाकडे रोज मालिशचे तेल आणि भिजवलेल्या बदामांची साले मोरीत जात. राखेची निवळ रोज आठ दिवस ओता, असे मी त्याला सांगितले. तो माझ्या दंडांकडे पाहत म्हणाला, "आवं शास्त्रीबुवा, आट दिस कशापायी? जोर लावला की समदं निगतं." दुसऱ्या दिवशी त्याने पहार घेऊन जोर लावला. पहार मोरीतून निघाली ती शेजाऱ्यांच्या देवघरात. शेजारी माझ्यावर संतापले, पैलवानाला कोणी काही बोलले नाही. मोरी मात्र मोकळी झाली, हे त्याने मला पुढे भेटेल तिथे आणि चारचौघांत सांगितले.

लोकांच्या मूर्खपणाच्या अशा गोष्टी सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. पण ज्या मोरीने मला कायमचे गप्प केले, तिच्यातला मूर्खपणा दुसऱ्या कोणाचा नव्हता.

ही गोष्ट सांगलीच्या आधीची. साताऱ्यात यमुनाकाकू नावाच्या एक विधवा बाई खाणावळ चालवीत. शिकणारी मुले आणि एकटे राहणारे कारकून मिळून पंधरा पाने रोज दोन्ही वेळा बसत. फाल्गुनात त्यांची मोरी तुंबली. पाणी भिंतीतून झिरपून बोळात उतरले, आणि बोळाच्या टोकाला सगळ्या आळीचा पिण्याच्या पाण्याचा हौद होता. आळीने तक्रार केली. खात्याचे साहेब स्वतः पाहून गेले आणि म्हणाले, "आठ दिवस. तोवर मोकळी झाली नाही तर खाणावळ बंद."

साहेब गेल्यावर काकू कठड्यावर बसल्या. म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, ही बंद झाली तर मला भावाच्या दाराशी जाऊन बसावं लागेल. चौदा वर्षांपूर्वी मी तिथून उठून आले ती पुन्हा न जाण्यासाठी. तेवढं लक्षात ठेवून काय ते औषध द्या."

मी लक्षात ठेवले, फार ठेवले. तिथेच घोटाळा झाला. नेहमीची कामटी आणि नेहमीची राख मला इतक्या मोठ्या प्रसंगाला थिटी वाटू लागली. कामटी आत घातली तर टोकाला लालसर, चिकट गाळ आला. काकूंकडे पंधरा ताटे-वाट्या रोज विटकरीच्या भुकटीने घासल्या जात. साबण मिळत नसल्याने दुसरा इलाज नव्हता. होळीला, महिनाभर राखून ठेवलेल्या गुळाचे पुरण झाले होते आणि त्या कढया मोरीतच विसळल्या होत्या. शिवाय उडदाचे पापड चालू होते. त्या पिठाचे बुळबुळीत पाणी रोज भोकात जाई. हे सर्व मी पाहिले, आणि मला ग्रंथ आठवले. मला वाटले, हा तर मलावरोधाचा रोगी. रोग्याला कोठा साफ होण्यासाठी आपण हिरडा देतो. मग मोरीला का देऊ नये? आणि दुर्गंधी मारण्यासाठी वर चुना.

शेरभर हिरडा कुटून त्याचा काढा केला. त्यात चुन्याची निवळी नव्हे, चांगला दाट चुना कालवला. भोकाशी बसलो, संकल्प करावा तितक्या गंभीरपणे पहिला तांब्या ओतला आणि बाहेर हाक दिली, "आलं का?"

भिंतीपलीकडून भिकूचा आवाज आला, "न्हाई. शास्त्रीबुवा, ह्यो चुन्याचा वास हाय का?"

"होय. हिरडाही आहे."

"चुना नगा टाकू वो. ह्या मोरीला विटकरीची भुकटी हाय. आन हिरडा तर आजाबात नगा टाकू."

मला राग आला. ज्याला हिरड्याचे गुणधर्म एका दमात म्हणून दाखवता येतात, त्याला हे कोणी सांगावे? मी म्हणालो, "तू तुझे काम पाहा."

"बरं," भिकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मात्रा वाढवली. काकूंना सांगितले, आता दोन दिवस मोरी वापरायची नाही. औषधाला आत मुरू द्या. काकूंनी पंधरा पानांची भांडी मागच्या परसात, उन्हात बसून घासली आणि तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी मी कामटी घातली. ती हातभर आत गेली आणि तिने टक् असा आवाज केला. पुन्हा घातली, पुन्हा टक्. मी वर पाणी ओतले, ते लोट्यात राहावे तसे भोकात राहिले. पूर्वी निदान ते झिरपत तरी होते.

मी बोळात जाऊन भिकूला विचारले, "हे काय झाले असावे?"

तो उकिडवा बसून विडी ओढीत होता. ती त्याने विझवली. "माजा बा बांधकामाचा चुना मळायच्या घानीवर व्हता, शास्त्रीबुवा. बैल हाकायचा. चुना, विटकरीची भुकटी, गूळ, उडदाचं पानी आन हिरडा. ह्योच माल. वर किल्ल्यावर पान्याचं टाकं हाय न्हवं, त्येला आतनं ह्योच गिलावा हाय. त्यो पान्यात बसला की आजून घट्ट व्हतोय."

"मग हे तू आधी का सांगितले नाहीस?"

"सांगितलं की. तुमी म्हनला, तू तुजं काम पाहा. म्या पायलं."

तीन जिनसा काकूंच्या घरच्या होत्या. त्या स्वतंत्रपणे दहा वर्षे पडल्या असत्या तरी राखेच्या निवळीने निघाल्या असत्या. उरलेल्या दोन मी, ग्रंथांच्या आधाराने, मोजून आणि मुरवून आत घातल्या होत्या. आत जाऊन मी काकूंना हे सांगितले.

"म्हणजे तुम्ही माझी मोरी बांधून काढलीत."

"तसे म्हणता येईल."

"शास्त्रीबुवा, या घराची भिंतसुद्धा एवढी पक्की नाही हो!"

पुढचे चार दिवस मी राखेची निवळ ओतत राहिलो, थर जागचा हलला नाही. आठव्या दिवशी सकाळी साहेब आले. त्यांनी तुडुंब भोक पाहिले, भिंतीवरची ओल पाहिली आणि काकूंकडे वळून बोलायला तोंड उघडले. मी मध्ये झालो. म्हणालो, "साहेब, हा दोष या बाईंचा नाही. मोरी मी बंद केली आहे." आणि हिरड्यापासून चुन्यापर्यंत सगळे सांगितले. साहेबांना हसू आवरत नव्हते, पण त्यांनी ते आवरले, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. ते म्हणाले, "मग तुम्हीच उघडा. संध्याकाळी येतो. दोष कोणाचाही असो, हौदाजवळ घाण आली तर मला खाणावळ बंद करावीच लागेल."

मी छिन्नी आणि हातोडा मागवला आणि भोकाशी पालथा पडून घाव घालू लागलो. चौथा घाव अंगठ्यावर बसला. सहावा की सातवा कुठे बसला ते मला कळले नाही, पण भिकूला कळले. बाहेरून तो ओरडला, "आवं, थांबा थांबा! त्यो आवाज दगडाचा हाय, चुन्याचा न्हाई! नळीच फोडताय की तुमी!"

काकू माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी खिडकीशी जाऊन हाक मारली, "भिकू, तू आत ये."

मी उठून बसलो. म्हणालो, "काकू, हे स्वयंपाकघर आहे. पलीकडे देव आहेत."

"पंधरा पानांचं खरकटं भिंतीतून परत घरात येतंय, ते देव बघतच आहेत," काकू म्हणाल्या. "तुम्ही कसलं सोवळं घेऊन बसलाय? ये रे भिकू."

भिकू दाराशी आला, पण उंबऱ्याबाहेर थांबला. "काकी, येतो. पर येकदा आत आलो की हितं शिवू नगं, तितं बसू नगं, असं म्हनायचं न्हाई. न्हायतर हात चालत न्हाई माजा."

"कोणी म्हणणार नाही," काकू म्हणाल्या, आणि असे म्हणताना त्यांनी पाहिले माझ्याकडे.

भिकू भोकाशी बसला. त्याने घाव घातले नाहीत. आधी हातोड्याच्या टोकाने टकटक करीत सगळी फरशी ऐकली, वैद्याने रोग्याची छाती ऐकावी तशी. मग विचारले, "काकी, आंबट काय हाय का घरात? चिच?"

"चुन्यावर ना? माहीत आहे मला. घंगाळाला बसलेला पांढरा थर मी चिंचेनंच काढते," काकू म्हणाल्या आणि फडताळातून बरणी काढली. वर्षाच्या आमटीची चिंच होती ती. त्यांनी निम्मी कढत पाण्यात कोळली, भिकूकडे पाहिले, आणि उरलेली निम्मीही कोळली. तो आंबट कोळ भोकात गेला तशी आतून बारीक चुरचुर ऐकू येऊ लागली. भिकू थोडे थांबे, छिन्नीने मऊ झालेला थर खरवडे, पुन्हा कोळ ओते. काकू पाणी तापवीत होत्या. त्या दोघांना एकमेकांशी फारसे बोलावे लागत नव्हते. मला करण्यासारखे तिथे काही उरले नाही, आणि इतकी वर्षे घोकलेल्या विद्येचा त्या घरातला वाटा तेवढा चुन्याचा आणि हिरड्याचा, हे पुरते ध्यानात यायला मला निवांत वेळ मिळाला.

दुपार कलल्यावर भिकू म्हणाला, "आता तोंडाशी कोन तरी पायजे. शास्त्रीबुवा, बसता का?"

मी बोळात गेलो. गटाराशी एक दगड होता, वर्षानुवर्षे बसून बसून गुळगुळीत झालेला. त्यावर मी धोतर आवरून बसलो. त्या दिवसापर्यंत मी साताऱ्यातल्या कितीतरी मोऱ्या आतून पाहिल्या होत्या. तोंडाशी कधी बसलो नव्हतो. वास असह्य होता. बोळातून जाणारी माणसे नजर दुसरीकडे करून, अंग चोरून जात होती. त्यांत एक माझे यजमान होते. आदल्याच महिन्यात त्यांच्या घरी मी सत्यनारायण सांगितला होता. त्यांनी मला ओळखले आणि ओळख दाखवली नाही.

मग आत काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि नळीतून आवाज आला. पाण्याचा नव्हे, काकूंचा. त्या म्हणत होत्या, "भिकू, घोटभर ताक घे आधी." हा आवाज भिंतीवरून किंवा खिडकीतून आला नव्हता, नळीतून, कानाशी बोलावे इतका स्पष्ट आला होता. मोकळ्या नळीतून आतले सगळे ऐकू येते, हे मला कधी ठाऊकच नव्हते. घरोघरच्या मोऱ्यांशी बसून, बाहेर बसलेल्या माणसाविषयी आम्ही आत आजवर काय काय बोललो होतो, आणि त्याच्यासमोर कधी बोललो नसतो असे मी स्वतः काय बोललो होतो, ते मला एकेक आठवू लागले. भिकूने त्यातला एकही शब्द मला कधी परत केला नव्हता.

"आलं का वो पानी?" नळीतून भिकूने विचारले.

"नाही," मी म्हणालो. मग पुन्हा मोठ्याने म्हणालो, "नाही अजून!"

मग एकदम एक लोंढा आला. लाल, आंबट, चुन्याच्या ढेकळांसह. मी मागे सरायला विसरलो. धोतर, उपरणे, जानवे, सगळे त्याने न्हाऊन निघाले.

"आलं का?"

"आलं, भिकू! आलं! येऊ दे अजून!"

मागून आलेले पाणी गढूळ होते, त्यामागचे निवळ. संध्याकाळी साहेब आले, त्यांनी स्वतः दोन बादल्या ओतून पाहिल्या, मान हलवली आणि निघून गेले. खाणावळ चालू राहिली. भावाच्या दाराशी जायची वेळ काकूंवर आली नाही. त्या वर्षी त्यांच्या आमटीत चिंचेऐवजी आमसूल पडे, आणि पाने वाढताना त्या कोणीही न विचारता सांगत, "शास्त्रीबुवांच्या कृपेने."

आता कोणी घरगुती उपाय विचारायला आले की मी राख सांगतो, ताक-पापडखार सांगतो. पण त्याआधी विचारतो, "तोंडाशी कोण बसले आहे? तो काय म्हणतो?" लोकांना वाटते, म्हातारा विषय टाळतो आहे. ते चिडतात आणि म्हणतात, "अहो शास्त्रीबुवा, मोरीत काय घालायचं तेवढं सांगा ना!"

हिरडा घालू नका, एवढे मात्र नक्की सांगतो.